वक्र छपराखालच्या दोन जमिनी: कोरियन धाटणीचे अतिथिगृह बांधताना नेमके काय उचलायचे?

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, दोन जुन्या राजवाड्यांच्या मधोमध बुकचोन नावाची वस्ती आहे. तेथील एका चढाच्या गल्लीत नोव्हेंबर २०२४ पासून पर्यटकांना संध्याकाळी ५ ते सकाळी १० या वेळेत फिरण्यास मनाई करण्यात आली आणि मार्च २०२५ पासून नियम मोडणाऱ्याला एक लाख वॉन दंड लागू झाला. कारण अगदी साधे होते. ज्या कौलारू घरांसमोर उभे राहून लोक छायाचित्रे काढत होते, त्या घरांत माणसे राहतात आणि त्यांना झोपायचे असते.

या घरांना ‘हानोक’ म्हणतात. कोरियन मालिका मराठी घरांतही पाहिल्या जाऊ लागल्यापासून या घरांचे कुतूहल आपल्याकडे वाढले आहे. कोरियात तर हानोकमध्ये रात्रभर मुक्काम करणे हा स्वतंत्र पर्यटन व्यवसायच झाला असून त्याला कायद्यात वेगळे नाव आहे. साहजिकच आजच्या सोयींसह, परंतु हानोकच्या धाटणीचे पाहुण्यांसाठीचे छोटे घर कसे रचतात, हा प्रश्न अनेकांना पडतो. बहुतेक उत्तरे छपराच्या टोकाला आलेल्या बाकापासून सुरू होतात आणि कागदी खिडक्यांपाशी संपतात. माझ्या मते ही सुरुवातच चुकते. हानोकचे मर्म छपरात नसून घरातल्या पायाखालच्या जमिनीत आहे, आणि ते समजले की छप्पर, खिडकी आणि अंगण या सगळ्यांचा हिशेब आपोआप लागत जातो.

‘हानोक’ हे नाव कशाला लागले?

जर्सी गाय येईपर्यंत आपली गाय नुसती ‘गाय’ होती. ती ‘देशी’ झाली नंतर. हानोकचेही तसेच आहे. कोरियात पाश्चात्त्य पद्धतीची घरे बांधली जाऊ लागली, तेव्हा पूर्वापार घरांना ओळखण्यासाठी ‘कोरियन घर’ अशा अर्थाचा हा शब्द रूढ झाला. त्याआधी ते केवळ घर होते. श्रीमंताचे कौलारू, गरिबाचे भाताच्या पेंढ्याने शाकारलेले.

या घराचा भार भिंतींवर नसतो. दगडी जोत्यावर पायाचे सुटे दगड, त्यांवर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर वासे आणि सर्वांत वर मातीच्या थरात बसवलेली कौले, असा तो सांगाडा आहे. भिंत म्हणजे खांबांमधील पोकळी भरण्यासाठी विणलेली कामटी आणि तिच्यावर लिंपलेली माती. म्हणून हव्या त्या ठिकाणी भिंतीऐवजी दारे बसवता येतात.

घराचे माप दोन खांबांमधील अंतराने मोजतात आणि त्या एककाला ‘खान’ म्हणतात. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण आपल्या वाड्यांचे मापही ‘खण’ हेच आहे आणि त्याचा अर्थही दोन खांबांमधील जागा असाच आहे. उच्चारातील हे साम्य निव्वळ योगायोगाचे असले, तरी समजून घेण्यासाठी फार सोयीचे आहे, म्हणून यापुढे मी ‘खण’ हाच शब्द वापरतो. एक खण साधारणतः अडीच ते तीन मीटरचा असतो. जोसॉन राजवटीत (१३९२ ते १९१०) कोणी किती खणांचे घर बांधावे यावर दर्जानुसार बंधने होती. सामान्य प्रजेला दहा खणांची मर्यादा होती. ‘तीन खणी गवती घर’ हा शब्दप्रयोग आजही कोरियन भाषेत साध्या, लहान संसारासाठी वापरला जातो.

एकाच छपराखाली चूल आणि सावली

सोलमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या खाली असते आणि ऑगस्टचे सुमारे २६ अंश सेल्सिअस, तेही पावसाळी दमटपणासह. एकाच घराने या दोन्ही टोकांना पुरे पडायचे, तर एकाच प्रकारची जमीन उपयोगाची नाही. हानोकमध्ये म्हणून दोन प्रकारच्या जमिनी शेजारी शेजारी नांदतात. थंडीच्या प्रदेशात घडलेली गरम जमीन आणि उष्ण, दमट दक्षिणेकडील मानली जाणारी गार लाकडी जमीन या दोन्हींना एका छपराखाली आणणे ही कोरियन घराची खरी ओळख आहे. छपराचा बाक चीनमध्येही सापडतो आणि जपानमध्येही. ही जोडी मात्र तेथे सापडत नाही.

गरम जमिनीला ‘ओन्दोल’ म्हणतात. खोलीच्या बाहेर, जमिनीच्या पातळीपेक्षा खाली चुलाणे असते. त्यातील जाळ आणि धूर सरळ वर न जाता खोलीच्या जमिनीखालील आडव्या नळ्यांमधून प्रवास करून पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात. नळ्यांवर सपाट दगडी लाद्या, लाद्यांवर माती आणि मातीवर तेल पाजलेला जाड कागद असतो. तव्याखालची आच सर्वत्र सारखी नसते हे भाकरी करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ओन्दोल घालणाऱ्या कारागिरालाही ते ठाऊक होते. म्हणून चुलाण्याजवळ जाड लादी आणि मातीचा जाड थर, तर दूर पातळ लादी, अशी रचना तो करतो. संध्याकाळी स्वयंपाकासाठी पेटवलेला जाळ विझला, तरी तापलेला दगड रात्रभर ऊब सोडत राहतो.

तरीही चुलाण्याकडचा कोपरा अधिक उबदार राहतोच. अनेक वर्षांच्या वापराने तेथील पिवळसर कागद हळूहळू तपकिरी होत जातो, आणि जुन्या घरात तो डाग पाहूनच कळते की घरातील मानाची जागा कोणती. तेथे वडीलधाऱ्यांना बसवायचे, पाहुणा आल्यास त्याला सरकून जागा द्यायची आणि घरी उशिरा परतणाऱ्याचे भाताचे वाडगे त्याच कोपऱ्यात गोधडीखाली झाकून ठेवायचे, ही रीत होती. या साऱ्या ओन्दोल संस्कृतीला २०१८ मध्ये दक्षिण कोरियाने राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

गार जमीन म्हणजे ‘मारू’. ही जमिनीपासून उचललेली, फळ्यांची, खालून हवा खेळणारी बैठक असते. आपल्या ओसरीच्या जागी ती कल्पिली तर फारसे चुकणार नाही, मात्र मोठ्या घरात ती दोन खोल्यांच्या मध्ये, घराच्या हृदयस्थानी असते. समोर झाडे नसलेले, मुरमाचे उघडे अंगण आणि मागे झाडीची सावली असल्यामुळे उन्हाळ्यात समोरची हवा तापून वर चढते आणि मागची गार हवा मारूवरून पुढे ओढली जाते. तेच फिकट अंगण ऊन परतवून छपराच्या पोटाशी आणि तेथून खोलीत उजेड पोहोचवते. अंगणात हिरवळ लावून ‘सुशोभीकरण’ करणारा माणूस या घराचा पंखा आणि दिवा एकाच वेळी बंद करतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

पाहुण्याला स्वतंत्र इमारत का मिळत असे?

जोसॉनकालीन प्रतिष्ठित घर म्हणजे एकच इमारत नसे. आतल्या अंगणाभोवती बायकांचा भाग, बाहेरच्या अंगणापाशी पुरुषांचा भाग आणि दरवाजालगत चाकरमाणसांच्या खोल्या, अशी वाटणी असे. बाहेरचा पुरुषांचा भाग हीच बैठक, अभ्यासिका आणि अतिथिगृहही. पाहुण्याने येथे यावे, येथेच मुक्काम करावा, आणि आतल्या भागाचे दर्शनही त्याला घडू नये, हा त्यामागील स्त्री-पुरुष विभक्ततेचा दंडक होता. त्याचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु पाहुण्याला स्वतःचे दार, स्वतःचे अंगण आणि यजमानाच्या संसारापासून थोडे अंतर मिळावे, ही त्या रचनेतील सोय आजच्या अतिथिगृहाला जशीच्या तशी लागू पडते.

पूर्व किनाऱ्यावरील गांगनुंग येथील सॉनग्योजांग या घराण्याच्या वाड्यात १८१५ साली बांधलेली अशी बैठक अजून उभी आहे. तिच्या पुढे तांब्याच्या पत्र्याचे, स्पष्टपणे परके दिसणारे छत आहे. रशियन वकिलातीने पाहुणचाराची परतफेड म्हणून ते दिले, असे सांगतात. परंपरेत नवे मिसळले की ती बिघडते, असे मानणाऱ्यांनी हे छत अवश्य पाहावे.

आपल्या कामाचा अधिक नेटका नमुना आन्दोंगजवळच्या दोसान येथे आहे. तत्त्वज्ञ यी ह्वांग यांनी शिष्यांना शिकवण्यासाठी तेथे उभारलेली आणि १५६१ मध्ये पूर्ण झालेली इमारत मुळात तीन खणांची आहे. एक खण स्वयंपाकघर, एक खण ओन्दोलची खोली, एक खण मारू. चूल, ऊब आणि वारा, एवढ्यात घर पूर्ण होते.

आजचे तीन खणी अतिथिगृह

हाच आराखडा घेऊन आजचे घर मांडून पाहू. तीन मीटरचा खण धरला तर प्रत्येक भाग ९ चौरस मीटर आणि संपूर्ण घर २७ चौरस मीटर होते. दोन पाहुण्यांना ते पुरते. एका टोकाला झोपण्याची खोली, मध्ये मारू आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीघर व चहापाण्याची जागा.

झोपण्याच्या खोलीत लाकडाचा जाळ आज कोणी पेटवत नाही, आणि ते योग्यच आहे. मधल्या काळात कोळशाच्या वड्या जाळण्याची पद्धत सर्वत्र पसरली होती. जमिनीच्या फटींतून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने तेव्हा झोपेतच माणसे दगावत. आता उष्णतारोधक थरावर गरम पाण्याच्या नळ्या अंथरून त्यांवर गिलावा करतात, आणि कोरियातील उंच सदनिकाही अशाच तापवल्या जातात. तत्त्व मात्र तेच राहिले. हवा तापवली तर ऊब छताशी जाते आणि पाय गारच राहतात. जमीन तापवली तर माणूस जेथे बसतो, निजतो, तेथूनच ऊब सुरू होते. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉईड राइट यांना टोकियोतील एका उमरावाच्या घरी अशा ‘कोरियन खोली’त बसण्याचा योग आला आणि पुढे १९३७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात पूर्ण झालेल्या जेकब्स कुटुंबाच्या घरात त्यांनी जमिनीखालून उष्णता दिली.

छपराचा हिशेब येथूनच निघतो. सोल ३७.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ७६ अंशांवर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस केवळ २९ अंशांवर. दक्षिणेकडील वळचण जमिनीपासून २.७ मीटर उंच ठेवून भिंतीच्या १.२ मीटर पुढे काढली, तर जूनचे दुपारचे ऊन भिंतीला न शिवता तिच्यापासून अर्धा मीटर बाहेरच जमिनीवर पडते. डिसेंबरचे ऊन मात्र त्याच वळचणीखालून आत शिरते आणि, मध्ये उंच भिंत नसेल तर, साडेतीन मीटर आतपर्यंत पोहोचते. म्हणजे तीन मीटर खोल खोलीची मागची भिंतसुद्धा उजळते. छपराची टोके वर उचलली जातात त्यामागे सौंदर्यदृष्टी आहेच. पण कोपऱ्यात दोन्ही बाजूंच्या वळचणी एकत्र येऊन अंधार साचतो, आणि टोक उचलल्याने तेथेही उजेड येतो.

सर्वांत अवघड प्रश्न न्हाणीघराचा आहे. ‘शौचालय आणि व्याह्यांचे घर जितके लांब तितके बरे’ अशी कोरियन म्हण आहे, आणि जुन्या घरात ते खरोखरच अंगणापलीकडे असे. आजचा पाहुणा रात्री दोन वाजता बर्फातून चालत जाणार नाही. अशा वेळी लाकडी सांगाड्यात ओलावा आणण्यापेक्षा न्हाणीघराच्या वीट किंवा काँक्रीटच्या भिंती खांबांपासून थोड्या सोडून, मागील उतरत्या छपराखाली स्वतंत्र उभ्या करणे मला अधिक पटते. खांब कुजतो तो बहुधा तळाशी, आणि तळ कोरडा राहिला तर घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

दुसरा प्रश्न दिसायला किरकोळ आहे, पण अनेक नवी घरे तेथेच फसतात. जुन्या खोलीत खिडकीखालची लाकडी पाटी जमिनीपासून जेमतेम ३० ते ४५ सेंटीमीटर उंच असते. जमिनीवर बसलेल्या माणसाने कोपर टेकवून बाहेर पाहावे, आणि निजलेला माणूस मात्र बाहेरून दिसू नये, यासाठी ते माप ठरलेले आहे. बाहेरचा डोंगर किंवा झाड त्या चौकटीत येऊन खोलीचाच भाग व्हावे, ही कल्पना त्या मापावर उभी आहे. आता त्याच खोलीत पाऊण मीटर उंचीचा पलंग ठेवा. पाहुण्याचा डोळा वर जातो, चौकटीत डोंगराऐवजी अंगणातला मुरूम दिसतो, वळचण कपाळावर आल्यासारखी वाटते आणि तापवलेली जमीन पलंगाखाली वाया जाते. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांच्यासाठी बैठक उंच हवीच. मग मारूच्या कडेला पाय खाली सोडून बसण्याची सोय द्यावी, किंवा खिडकीचे माप नव्याने काढावे. जुनी खिडकी आणि नवा पलंग यांची तडजोड होत नाही.

थंडीत वारा आत येणार नाही का?

जुन्या हानोकमध्ये येतो. लाकूड वाळताना आकसते, मातीची भिंत त्याच्यापासून सुटते आणि फट पडते. कागदाच्या दारातून वाराही येतो आणि शेजारच्या खोलीतील कुजबुजही. यावर उपाय आहेत. पुरेसे वाळवलेले किंवा पातळ पट्ट्या चिकटवून बनवलेले लाकूड वापरावे, भिंतीच्या पोटात उष्णतारोधक थर घालावा आणि बाहेर दुहेरी काचेची, आत कागदाची अशी खिडकी ठेवावी. काच ही तडजोड आहे असेही मानू नये. १९२० नंतरच्या दशकांत सोलमध्ये जमिनीचे लहान तुकडे पाडून मध्यमवर्गीयांसाठी हानोक बांधणारे विकासक जॉन्ग से-ग्वॉन यांच्या काळातच मारूला काचेची दारे आणि छपराला पत्र्याच्या पन्हळी आल्या होत्या. आज बुकचोनमध्ये ‘प्राचीन’ समजून पाहिली जाणारी अनेक घरे त्याच काळातील आहेत.

आतला कागद मात्र ठेवावा. तुतीच्या जातीतील एका झाडाच्या सालीपासून बनणारा हा ‘हान्जी’ कागद उजेड गाळून देतो आणि ओलावा शोषून परत सोडतो. शरद ऋतूत जुना कागद काढून नवा लावताना हाताळून फाटण्याच्या जागी, कडीजवळ, दुहेरी कागदात झाडाची वाळलेली पाने चिकटवण्याची रीत आहे. मजबुतीही होते आणि नक्षीही.

एकही खिळा नसतो म्हणतात, ते खरे का?

पूर्णपणे नाही. खांब आणि तुळया एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून जोडतात हे खरे. पण वासे जागेवर धरण्यासाठी लोखंडी खिळे पूर्वापार वापरात आहेत. थक्क व्हायचे असेल तर खिळे मोजू नयेत, खांबाचा पाय पाहावा. पायाचा दगड घडवून सपाट करत नाहीत; तो उंचसखल आहे तसाच ठेवतात. मुख्य सुतार खांब त्याच्यावर ओळंब्यात उभा धरतो आणि कर्कटकासारखे दोन पायांचे हत्यार घेतो. एक पाय दगडाच्या चढउतारावरून फिरवत दुसऱ्या, शाईत बुडवलेल्या पायाने तोच चढउतार खांबावर उमटवतो, आणि मग त्या रेषेबरहुकूम खांबाचा तळ तासतो. खांब दगडावर बसतो तो दात हिरडीत बसावा तसा. पारंपरिक लाकडी बांधकामातील या मुख्य सुताराच्या विद्येचा २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत समावेश झाला आहे.

आकार तोच, पण काँक्रीटचा चालेल?

हा प्रयोग कोरियाने राष्ट्रीय पातळीवर करून पाहिला आहे. सोलच्या मुख्य राजवाड्याचे प्रवेशद्वार, ग्वांगह्वामुन, १९६८ मध्ये काँक्रीटमध्ये उभारण्यात आले. आकार जुन्यासारखाच होता. पुढे ते पाडून मूळ जागी लाकडात पुन्हा बांधले गेले आणि ऑगस्ट २०१० मध्ये खुले झाले. याचा अर्थ काँक्रीट वाईट असा मी घेत नाही. काँक्रीटला लाकडाचे सोंग घ्यायला लावणे वाईट. उलट काँक्रीटच्या साध्या, सपाट छताच्या घरातही गरम खोली, गार बैठक, मोजून काढलेली वळचण आणि उघडे अंगण असेल, तर ते मला वक्र कौलांच्या वातानुकूलित खोक्यापेक्षा हानोकच्या अधिक जवळचे वाटते.

खर्चाचे उत्तर थोडक्यात देता येते. लाकडी हानोक साध्या घरापेक्षा महाग पडते, कारण त्यात सामानापेक्षा कुशल हातांचे दिवस अधिक लागतात. म्हणूनच सोलसारख्या शहरांत दुरुस्तीसाठी सरकारी अर्थसाहाय्य दिले जाते, आणि म्हणूनच तीन खणांवर थांबण्यात शहाणपण आहे.

कोकणात असे घर बांधले तर?

हा प्रश्न मराठी वाचक विचारणारच. गरम जमीन येथे निरर्थक आहे, म्हणजे जोडीतील अर्धा भाग सुरुवातीलाच गळाला. कागदी दारे पहिल्याच पावसाळ्यात बुरसतील. सोलमध्ये वर्षाला सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर रत्नागिरीत त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तोही आडवा. जमिनीलगतच्या लाकडी फळ्यांना वाळवी लागेल, त्यामुळे त्या जागी जांभ्याचे जोतेच बरे.

वळचणीचे मापही उसने घेता येत नाही. रत्नागिरी सुमारे १७ अंशांवर असल्याने जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि डिसेंबरमध्येही तो ४९ अंशांपेक्षा वर असतो. सोलमध्ये जे ऊन साडेतीन मीटर आत येते, ते येथे त्याच वळचणीखालून जेमतेम एक मीटर येईल, आणि येथे ते कोणाला नकोच असते. येथे वळचणीचे काम ऊन मोजून आत घेण्याचे नसून पाऊस भिंतीपासून दूर ठेवण्याचे आहे. त्याला १.२ मीटर पुरत नाहीत. त्यासाठी पूर्ण खणभर रुंदीची, खाली उतरत आलेली पडवी लागते, जिच्या कडेला पागोळ्या गळत असताना पाहुणा कोरडा बसू शकेल.